एका हाताचा खेळ

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक निवडी इतरांनीच केल्या. शाळा वडिलांनी निवडली, नोकरी मामांनी आणि बायको आईने. लग्नानंतर सदऱ्याच्या कापडापासून बाजारातल्या वांग्यांपर्यंत सारे काही निवडण्याचे खाते आमच्या घरात आपोआपच दुसऱ्या हाती गेले. आणि खोटे कशाला सांगू, त्यात माझे कल्याणच झाले. अशा माणसावर वयाच्या ६८ व्या वर्षी एक निवड येऊन कोसळावी, आणि तीही खेळण्यातल्या मोटारीसाठी ट्रान्समीटर निवडण्याची, याला दैवाची थट्टा म्हणायचे नाही तर काय?

खेळण्यातली मोटार म्हटले की माझ्या वयाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे किल्लीची, पत्र्याची गाडी येईल. आमच्या बंडूची, म्हणजे नातवाची मोटार त्या जातीची नव्हे. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. खऱ्या जीपच्या एकदशांश आकाराची, चारही चाकांना जोर असलेली, मऊ टायरांची. तिचे आस असे सैल बांधलेले असतात की एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात असले तरी बाकीची चाके जमीन सोडत नाहीत. वेगाच्या नावाने हिच्याजवळ शून्य! मुंगीच्या पावलांनी दगडावर चढायचे, पलीकडे उतरायचे, एवढेच तिचे काम. शर्यतीच्या मोटारींचे शौकीन हिच्याकडे पाहून जांभई देतात म्हणे. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला मात्र तिची चाल पहिल्या दिवसापासून आवडली.

आम्ही मूळचे किल्लारीचे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले हे गाव. १९९३ सालापर्यंत त्याचे नाव आमच्या मुलखाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे ते साऱ्या जगाला ठाऊक झाले, आणि अशा कारणाने झाले की त्यापेक्षा अज्ञात राहिलो असतो तर बरे होते. माझे थोरले बंधू अण्णा अजून तिथेच असतात. दर दिवाळीला आम्ही पुण्याची सारी मंडळी त्यांच्याकडे जातो.

गेल्या दिवाळीत बंडूने अण्णांच्या अंगणात किल्ला केला. पुण्याच्या पोराला किल्ल्यावाचून दिवाळी गोड लागत नाही. हा किल्ला मावळ्यांपेक्षा मोटारीच्या सोयीने बांधलेला होता. घाटाचे वळण होते, कडे होते, दगडांची उतरंड होती. सारे घर भोवती जमले आणि बंडूने रिमोटचा चाप ओढला.

मोटारीबरोबर मिळालेला तो रिमोट हलक्या प्रतीचा होता. चाप ओढला की भरधाव, सोडला की ठप्प. मधली पायरीच नाही. मोटारीने एका उडीत दोन मावळे आणि एक तोफ धारातीर्थी पाडली, किल्ला ओलांडला आणि ती फाटकाबाहेर निघाली. थोडे अंतर गेल्यावर तिचा आणि रिमोटचा संबंध तुटला. संबंध तुटल्यावर थांबावे, एवढीही अक्कल तिला कोणी दिली नव्हती. ती तशीच पळत जाऊन म्हशीच्या वैरणीत शिरली तेव्हाच थांबली.

अण्णा हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पुढे होऊन म्हणाले, “आण इकडं. मला बगू दे.”

बंडूने रिमोट त्यांच्या हाती दिला. हा रिमोट पिस्तुलासारखा असतो. मूठ डाव्या हातात धरायची, त्याच हाताच्या पहिल्या बोटाने चाप ओढायचा, आणि उजव्या हाताने बाजूचे चाक फिरवून मोटार वळवायची. अण्णांनी तो उजव्या हातात घेतला, डाव्या हाताकडे न्यायचा प्रयत्न केला, आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

“दोन हाताचं काम हाय हे,” ते म्हणाले. “असू दे. तूच चालीव.” आणि वैरण सारखी करायला निघून गेले.

अण्णांचा डावा हात कोपरात सरळ होत नाही आणि त्याची बोटे मिटत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो गेला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते; गाव उशिरा झोपले होते. आमच्या भागातली जुनी घरे म्हणजे दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर लाकडाच्या तुळयांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात असे गार घर दुसरे नाही. तो गारवाच काळ झाला. ६.२ रिश्टरचा धक्का बसला आणि भिंतींचे दगड सुटून माळवदे झोपलेल्या माणसांवर उतरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून जवळजवळ १० हजार माणसे गेली. त्यांत आमची आई होती आणि वहिनी होती. मी तेव्हा पुण्याला नोकरीत होतो. गावी पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि आमचे घर कुठे होते हे मला शेजाऱ्याने बोट करून दाखवावे लागले. अण्णांना लोकांनी हातांनी दगड उपसून काढले होते. हात तेवढा भिंतीखाली राहिला होता.

ट्रान्समीटर या शब्दाशी माझी खरी ओळख झाली ती त्या दिवसांतच. त्या धामधुमीत हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन भूकंपाच्या भागात आले होते. कोण जिवंत आहे, कोण कुठल्या इस्पितळात आहे, कुठे काय हवे आहे, असे निरोप माणसांना किती मोलाचे असतात ते मी तेव्हा पाहिले. मोठी भाषणे नव्हती ती. चार शब्द, पण नीट पोचलेले.

दिवाळी संपवून आम्ही पुण्याला परतलो. चार दिवसांनी बंडू माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

“आजोबा, एका हाताने चालवायचा रिमोट मिळतो?”

अण्णांनी रिमोट परत दिला त्या वेळी आम्ही मोठी माणसे फराळाच्या ताटांत गुंग होतो. पाहिले होते ते या १२ वर्षांच्या पोराने. चिरंजीवांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता निकाल दिला, “आजोबा रिकामेच आहेत. ते शोधतील.” अशा रीतीने ती निवड माझ्यावर आली.

कामाला लागलो तेव्हा कळले की हा विषय वाटतो तेवढा पोरकट नाही. बिनतारी लहरींनी दुरून काही हलवून दाखवण्याची हौस जुनी आहे. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास मधल्या भिंतींना न जुमानता लांबची घंटा वाजवून दाखवली, आणि १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी लहानशी नाव पाण्यात सोडली. पुढे खेळण्यांत हे तंत्र आले तेव्हा बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरीत. त्यात एक पंचाईत असे. दोघांच्या संचांत एकाच जातीचा स्फटिक निघाला तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी नाल्यात! एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हा अनुभव समजावून सांगायला नको.

आताचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे घरोघरच्या वायफायचीही गर्दी असते, म्हणून हे रिमोट क्षणोक्षणी जागा बदलतात. आता इथे, आता तिथे, आणि कधी कुठे जायचे ते फक्त त्याला आणि त्याच्या रिसीव्हरला ठाऊक. अशी उडती लहर वापरण्याच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ मध्ये हेडी लामार या हॉलिवुडच्या नटीने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराच्या जोडीने घेतले होते. शत्रूला पाणतीराच्या वाटेत ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून पियानोच्या ८८ पट्ट्यांसारख्या ८८ जागांवर उड्या मारण्याची ती कल्पना होती. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीही कान टवकारले. एरवी रिमोट या शब्दाने त्यांना फक्त दूरदर्शनच्या मालिका आठवतात.

मग दुकाने सुरू झाली. पहिल्या दुकानदाराने विचारले, “किती चॅनेलचा हवा?” मी म्हणालो, “बातम्या लागल्या म्हणजे झाले.” त्यानंतर त्याने सर्व बोलणे बंडूशी केले.

चॅनेल म्हणजे एकेका कामाची वेगळी वाट. मोटार वळवायला एक, पुढे-मागे न्यायला दुसरी. दोन वाटांत साध्या क्रॉलरचे काम भागते. कोणाच्या गाडीला दोर ओढणारी विंच असते, कोणाच्या दोन गती असतात, कोणाला आसाची कुलपे लावायची-काढायची असतात. त्या हौशींना चार किंवा सहा वाटा लागतात. पल्ल्याची काळजी दुकानदाराने पहिल्या वाक्यातच उडवून लावली. क्रॉलरच्या मागून माणूस चालतच असतो. मैलभर हुकूम पोचवून करायचे काय?

खरी परीक्षा निराळी. पहिला प्रश्न हा की, हुकूम किती बारीक देता येतो? बोट जरासे हलवले तर चाकही जरासेच हलायला हवे. चांगल्या रिमोटमध्ये सुरुवातीची हालचाल आणखी मऊ करून ठेवता येते, म्हणजे कड्याच्या टोकावर मोटार इंच-इंच सरकते. दुसरा प्रश्न वळणाच्या मर्यादेचा. चाके पुरती वळल्यावरही सर्वो मोटर आणखी वळवण्याचा हट्ट धरते. गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. कुठे थांबायचे ते रिमोटवरून दोन्ही बाजूंना आखून देता आले पाहिजे. तिसरी गोष्ट जोडीची. एका कंपनीच्या रिमोटचे दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी सहसा पटत नाही, म्हणून दोन्ही एकाच घरचे घ्यावेत आणि एकदा त्यांची गाठ मारून द्यावी.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. तिला फेलसेफ म्हणतात. संबंध तुटला तर मोटारीने काय करायचे, हे आधीच शिकवून ठेवण्याची ही सोय. शिकवले नाही तर काही रिसीव्हर शेवटचा हुकूमच पाळीत बसतात. आमची मोटार वैरणीत गेली ती यामुळेच. क्रॉलरला शिकवायचे ते एवढेच: आवाज आला नाही की जिथे आहेस तिथे थांब. मोटारीचा आपला ब्रेक असतो. चालायचा हुकूम नाही म्हटल्यावर ती चढावरही दगडाला धरून उभी राहते.

हे सारे गुण असलेले पिस्तुली रिमोट दुकानात रांगेने मांडलेले होते. एक तर इतका देखणा होता की बंडूची नजर त्यावरून हलेना. रंगीत पडदा, रबरी मूठ, बॅटरी उतरली की इशारा. पण त्यालाही दोन हात हवेत. एका हाताने चालणारे पिस्तुली प्रकारही निघतात असे दुकानदार म्हणाला, मात्र त्याच्याजवळ नव्हता. मी दमलो होतो. म्हणालो, “बंडू, तुला आवडलेला घेऊ या. अण्णांना दाखवायला तू आहेसच की.”

बंडूने पडद्यावरून बोट फिरवले आणि हात मागे घेतला. “दाखवायला नको आहे, आजोबा. त्यांना चालवायची आहे.”

एवढ्याशा पोरापुढे मला माझीच लाज वाटली.

तोड निघाली ती विमानवाल्यांच्या कपाटात. खेळण्यातली विमाने उडवणारे लोक दोन दांड्यांचा चपटा रिमोट वापरतात. त्यात डावी उभी दांडी ठेवली तिथे राहते. उजवी दांडी मात्र चारही दिशांना हलते आणि सोडली की आपसूक मध्यावर येते. अशा विमानी रिमोटमध्ये वेगाची वायर बहुधा तिसऱ्या चॅनेलला असते. ती काढून रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनेलला लावली, वळणाची पहिल्यालाच ठेवली, की सारा कारभार उजव्या दांडीवर येतो. पुढे लोटले की मोटार पुढे, मागे ओढले की मागे, बाजूला नेले की वळण. बोट सुटले तर दांडी मध्यावर आणि मोटार उभी. रिमोट पट्ट्याने गळ्यात अडकवला म्हणजे धरायलाही हात नको! सहा चॅनेलचा तो साधा रिमोट त्या देखण्या पिस्तुलापेक्षा स्वस्तही निघाला.

घरी आल्यावर मी मफलरने स्वतःचा डावा हात पाठीशी बांधून घेतला आणि दिवाणखान्यात उशा-पुस्तकांवरून मोटार चालवून पाहिली. स्वयंपाकघरातून हिने डोकावून विचारले, “दोन हात असताना घरात काय उजेड पाडलात, म्हणून एक बांधून घेतलात?” मी गप्प राहिलो. ज्ञानेश्वरीच्या खंडावरून मोटार त्या वेळी उतरत होती आणि माझे सारे लक्ष अंगठ्यात एकवटले होते.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही किल्लारीला गेलो. बंडूने काही न बोलता पट्टा अण्णांच्या गळ्यात घातला आणि त्यांचा उजवा अंगठा दांडीवर ठेवला. पहिल्या दिवशी मोटार तुळशीवृंदावनाला दोनदा धडकली. दुसऱ्या दिवशी तिने पायऱ्या चढल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची पोरे अण्णांच्या मागे रांगेने फिरू लागली आणि सूनबाईंना जेवणासाठी त्यांना तीनदा हाका माराव्या लागल्या.

चौथ्या पहाटे, ऊन चढायच्या आत, अण्णा बंडूला म्हणाले, “अंगणात काय चालवलालास? चल, तुला खरं दगड दावतो.”

ते कुठे निघाले आहेत हे मला वाटेतच कळले. भूकंपानंतर पुरती जमीनदोस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली, किल्लारी त्यांतलेच. जुन्या गावठाणाजवळ स्मृतिस्तंभ आहे आणि दर ३० सप्टेंबरला लोक तिथे जमतात. अण्णाही जातात, एका हाताने नमस्कार करतात आणि परततात. स्तंभाच्या पलीकडे, आमच्या गल्लीत, त्यांनी ३० वर्षांत पाऊल टाकले नव्हते. पोराच्या खेळण्यासाठी ही जागा? मी त्यांना अडवायला तोंड उघडले, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मिटले.

दगडांना तिथे तोटा नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडले, तेव्हा वरचा काळा पाषाणच ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याच पाषाणाची आमची घरे. आता वेड्या बाभळींमध्ये जोती आणि ढिगारे तेवढे राहिले आहेत. गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले आणि त्यांनी मोटार आत सोडली.

ती निघाली आपल्या चालीने. एका दगडावर चढली, कलली, सावरली, उतरली. मग दुसऱ्यावर. अण्णांचा अंगठा कणाकणाने हलत होता. ढिगाऱ्याला वळसा घालून ती दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने तिचा आवाजही थांबला.

“का रे थांबली?” अण्णांनी विचारले.

“तिला तुमचं ऐकू येत नाही, अण्णाआजोबा. मध्ये दगड आहेत.” रिसीव्हरची बारीक वायर उभी ठेवावी, असे मी बंडूला दहादा सांगितले होते; घाईत ती बॅटरीखाली दडपली गेली होती, हे मागाहून कळले. “ऐकू आलं नाही की तिथंच थांबायचं, असं शिकवलंय तिला. ती वाट बघत असेल. तुम्ही जरा पुढं चला.”

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोललो नाही. मग त्यांनी पट्टा सारखा केला, आणि एकेक पाऊल दगड चुकवीत ते गल्लीत शिरले. बंडू त्यांच्या डाव्या बाजूने चालला, जिकडे आधाराला हात नव्हता तिकडून.

मोटार आमच्या घराच्या जोत्याला चढताना अर्ध्यावर थांबली होती. पुढची चाके वर, मागची खाली, ब्रेक धरून. अण्णा तिच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. मग बंडूला म्हणाले, “हितं चूल होती. तुझी पणजी हितं भाकरी करायची. आन ते तिकडं, तुळशीपाशी, तुझी थोरली आजी बसायची निवडत.” इतक्या वर्षांत वहिनीचे नाव त्यांच्या तोंडून निघालेले मी ऐकले नव्हते. बंडू ‘कुठे, कुठे’ करीत विचारीत राहिला आणि अण्णा दाखवीत राहिले: देवघर, बळद, माझी अभ्यासाची कोनाड्याजवळची जागा. न दिसणारे सारे घर त्यांनी पोराला फिरवून दाखवले.

मग त्यांनी दांडी हलकेच पुढे लोटली. मोटार जोत्यावर चढली.

“हळू चालते म्हणून चढते,” अण्णा म्हणाले.

परत येताना उन्हाचा ताव वाढला होता. अण्णा पुढे, मोटार त्यांच्यापुढे, आणि मागून आम्ही दोघे. घरी सूनबाईंनी चहा टाकला होता. उशीर का झाला असे तिने विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, “घरी जाऊन आलो.” तिने एकदम माझ्याकडे पाहिले आणि दुसरा प्रश्न केला नाही.

रिमोट आम्ही किल्लारीलाच ठेवून आलो. बंडूने मागितला नाही आणि मीही सुचवले नाही. परवा अण्णांचा फोन आला. या दिवाळीचा किल्ला ते स्वतः बांधणार आहेत. तेरणेच्या काठचे दगड आणून ठेवले आहेत आणि बंडूला एका दमात चढता येणार नाही असा कडा त्यांनी मनाशी योजला आहे. फक्त मावळे कमी पडतात, तेवढे पुण्याहून आणावेत, असा निरोप आहे.

मावळ्यांची निवड अर्थातच ही करणार आहे.